जागेला विचारून बांधलेले घर

प्रस्तावना

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. घर बांधणे ही सोपी गोष्ट नाही. त्यासाठी माणूस आयुष्यभराची पुंजी खर्च करतो, प्रसंगी कर्ज काढतो. आपले घर 'पक्के' असावे, ही प्रत्येकाची इच्छा असते. परंतु पक्के घर म्हणजे नेमके काय? ज्या घरात सिमेंट आणि लोखंड अधिक, ते अधिक पक्के असते का? घराचे त्याच्या जागेशी, तिथल्या ऊन-पाऊस-वाऱ्याशी काही नाते असते का? या प्रश्नांची उत्तरे ज्यांनी शब्दांपेक्षा विटांमधून अधिक दिली, अशा एका वास्तुशिल्पकाच्या कामाचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही

• निसर्गाशी जुळणारे घर म्हणजे काय, हे स्पष्ट करू शकाल;
• लॉरी बेकर यांच्या बांधकामाच्या पद्धतींचे वर्णन करू शकाल;
• काटकसर आणि कंजुषी यांतील फरक सांगू शकाल;
• स्वतःच्या परिसरातील घरांचे निरीक्षण करून त्यांविषयी लिहू शकाल.

मूळ पाठ

१. पक्के आणि कच्चे

आपल्याकडे घरांची विभागणी 'पक्के' आणि 'कच्चे' अशी केली जाते. मातीच्या भिंतींचे घर कच्चे आणि भाजलेल्या विटांचे, सिमेंटच्या स्लॅबचे घर पक्के, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे हातात थोडा पैसा आला की माणूस जुने घर पाडतो आणि स्लॅबचे घर उभे करतो. ते घर दिसायला नीटनेटके असते, मिरवण्यासारखे असते. मात्र चैत्र-वैशाखात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता घरातच सोडतो. पंखा गरम हवा फिरवीत राहतो. घरातली माणसे अंथरूण उचलून गच्चीवर किंवा अंगणात जातात. ज्या घरात राहता येत नाही, त्याला पक्के का म्हणावे, हा प्रश्न तेव्हा सहसा कोणी विचारत नाही.

या घराची आणखी एक किंमत असते. ती मालकाच्या हिशोबात दिसत नाही. सिमेंट तयार करण्यासाठी चुनखडी भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत तापवावी लागते. त्यासाठी इंधन जळते आणि खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. मानवी व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या या वायूपैकी साधारण सात-आठ टक्के वायू सिमेंटच्या निर्मितीतून येतो. विटा भाजण्यासाठी लाकूड किंवा कोळसा लागतो आणि विटांची माती पुष्कळदा सुपीक शेतातूनच उचलली जाते. म्हणजे एक घर उभे राहते, तेव्हा कुठेतरी डोंगर, झाड किंवा शेत कमी होत असते. म्हणून घर बांधूच नये असे नव्हे. पण जे वापरायचे ते विचार करून, जपून वापरावे, एवढे तरी आपल्या हाती असते.

२. पाच मैलांचा विचार

लॉरेन्स विल्फ्रेड बेकर, म्हणजेच लॉरी बेकर, यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला. तेथेच त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. ते क्वेकर पंथाचे होते. हा पंथ युद्धाला विरोध करणारा आहे. म्हणून दुसऱ्या महायुद्धात हाती शस्त्र न घेता बेकर रुग्णसेवेच्या पथकातून चीनमध्ये गेले. तेथून मायदेशी परतताना जहाजाची वाट पाहत त्यांना काही काळ मुंबईत थांबावे लागले. या मुक्कामात त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली.

बेकर यांच्या पायांत तेव्हा कापडाचे, हाताने शिवलेले जोडे होते. गांधीजींचे लक्ष त्या जोड्यांकडे गेले आणि त्यावरून बोलणे सुरू झाले, अशी आठवण बेकर सांगत. घरांविषयी गांधीजींनी मांडलेला एक विचार त्यांच्या मनात कायमचा रुजला. खेड्यातील आदर्श घर त्या जागेच्या पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून उभे राहावे, असा तो विचार होता. गांधीजींनी केवळ बोलून दाखवलेला हा विचार नव्हता. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमातील कुटी आजही पाहायला मिळतात. माती, बांबू, लाकूड आणि कौले यांच्या त्या साध्या वास्तू या विचाराची साक्ष देतात.

तरुण बेकर यांना प्रथम ही मर्यादा कठोर वाटली असेल. शिक्षण घेताना त्यांच्यासमोर पोलाद, काच आणि काँक्रीट होते. पण या विचाराचा खरा अर्थ त्यांना पुढे हिमालयात उमगला.

३. डोंगराने दिलेला धडा

१९४५ साली बेकर कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेबरोबर भारतात आले. जुन्या कुष्ठधामांचे रूपांतर रुग्णालयांत करणे, हे त्यांचे काम होते. १९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर हे दांपत्य आजच्या उत्तराखंडातील पिथौरागढ येथे गेले आणि सुमारे सोळा वर्षे तेथे राहिले. एलिझाबेथ रुग्णांवर उपचार करीत. बेकर रुग्णालयात मदत करीत आणि बांधकामे पाहत.

तेथे आल्यावर त्यांच्या लक्षात आले, की आपल्याजवळच्या पदवीचा येथे फारसा उपयोग नाही. सिमेंट आणि पोलाद डोंगरावर आणणेच अवघड होते. याउलट गावकऱ्यांची घरे मात्र डोंगरातल्याच दगडाची, लाकडाची आणि मातीची होती. ती थंडीत ऊब देत आणि उतारावर घट्ट बसत. कोणता दगड कसा फोडावा, कोणते लाकूड पावसात टिकते, घराचे तोंड कोणत्या दिशेला ठेवावे, हे ज्ञान तेथे पिढ्यानुपिढ्या चालत आले होते. शिकवायला आलेला वास्तुशिल्पक गावच्या गवंड्यांचा विद्यार्थी झाला.

या अनुभवातून त्यांना एक सूत्र सापडले. कोणत्याही प्रदेशातील पारंपरिक घर हा शेकडो वर्षे चाललेला प्रयोग असतो. राजस्थानातील जाड भिंती, कोकणातील उतरते छप्पर, केरळमधील चौसोपी घरातील मोकळा चौक, यांपैकी काहीही केवळ शोभेसाठी आलेले नाही. ऊन, पाऊस आणि वारा यांनी विचारलेल्या प्रश्नांची ती उत्तरे आहेत.

पाठगत प्रश्न १

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गांधीजींच्या मते आदर्श घराचे साहित्य कोठून यावे?
(आ) पिथौरागढ येथे बेकर कोणाचे विद्यार्थी झाले?
(इ) विटांसाठी लागणारी माती पुष्कळदा कोठून घेतली जाते?

४. भिंत, छत आणि जाळी

१९६३ नंतर बेकर केरळमध्ये आले आणि पुढे तिरुवनंतपुरम येथे स्थायिक झाले. हिमालय आणि केरळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. केरळमध्ये पावसाळा दोनदा येतो. हवा दमट असते. अशा हवेत घाम वाळत नाही, म्हणून घरातून सतत वारा वाहणे महत्त्वाचे ठरते. बेकर यांनी हिमालयातील घर केरळमध्ये आणले नाही. हिमालयात सापडलेला प्रश्न मात्र सोबत आणला: या जागेला काय हवे आहे?

त्यांनी पहिला विचार केला तो भिंतीचा. आपली नेहमीची वीट साधारण नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि तीन इंच जाड असते. नऊ इंची भिंतीत विटा आडव्या ठेवून भिंत भरीव केली जाते. बेकर यांनी विटा कडेवर उभ्या ठेवण्याची जुनी पद्धत पुन्हा वापरात आणली. बाहेरच्या बाजूला तीन इंचांची वीट, आतल्या बाजूला तीन इंचांची वीट आणि मध्ये तीन इंचांची पोकळी, अशी ही नऊ इंची भिंत होते. ठरावीक अंतरावर एक वीट आडवी घालून दोन्ही बाजू जोडल्या जातात. या रचनेला 'रॅट-ट्रॅप बाँड' असे नाव आहे. तिच्यात सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात. शिवाय पोकळीतील कोंडलेली हवा बाहेरची उष्णता सहजासहजी आत येऊ देत नाही. म्हणजे खर्च कमी होतो आणि गारवा वाढतो.

छताच्या बाबतीतही त्यांनी असाच विचार केला. दोन आधारांवर एक लांब फळी ठेवून मध्ये वजन ठेवले, तर फळी किंचित वाकते. तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची बाजू ताणली जाते. स्लॅबचेही असेच होते. काँक्रीट दाब चांगला सोसते, पण ताण सोसत नाही. तो ताण लोखंडी सळ्या सोसतात. मग खालच्या बाजूला, सळ्यांच्या मधल्या जागेत, इतके काँक्रीट कशाला? बेकर यांनी त्या जागी मंगळुरी कौले बसवली. त्यामुळे सिमेंट वाचले, छताचे वजन घटले आणि एकावर एक ठेवलेल्या दोन कौलांमधील हवेने उष्णताही अडवली. मात्र या छताच्या सळ्यांचे गणित जाणकाराकडूनच करून घ्यावे लागते. ते अंदाजाने करण्याचे काम नव्हे.

तिसरी गोष्ट म्हणजे जाळी. खिडकीला लाकडी चौकट, गज, काच, बिजागऱ्या लागतात. भिंतीच्या तेवढ्याच भागापेक्षा खिडकी कितीतरी महाग पडते. बेकर यांनी अनेक ठिकाणी विटांमध्ये लहान लहान भोके सोडून भिंतीचीच जाळी केली. तिच्यातून वारा येतो, उजेड गाळून येतो, घरातील खासगीपण राहते आणि चोरालाही वाट मिळत नाही. भिंतींना त्यांनी सहसा गिलावा केला नाही. चांगली वीट स्वतःच सुंदर असते; तिला झाकण्यासाठी पैसा आणि सिमेंट खर्च का करावे, असा त्यांचा दृष्टिकोन होता.

५. उतार, झाड आणि समुद्राचा वारा

बेकर कागदावर नकाशा काढून तो जागेवर लादत नसत. ते आधी जागेवर जात, उतार पाहत, झाडे पाहत, वारा कोठून येतो ते पाहत. मग वापरलेल्या पाकिटाच्या पाठीवरही त्यांचे आराखडे उमटत. बांधकाम चालू असताना गवंड्यांच्या बरोबरीने उभे राहून ते त्यात बदल करीत. झाड आडवे आले तर ते झाड तोडत नसत, भिंत वळवीत.

तिरुवनंतपुरममधील उल्लूर येथे असलेले विकास अध्ययन केंद्र, म्हणजे 'सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज', हे त्यांचे प्रसिद्ध काम आहे. अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज आणि तत्कालीन मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन यांच्या पाठिंब्यामुळे सत्तरच्या दशकात ते उभे राहिले. टेकडी सपाट न करता इमारती टेकडीच्या चढ-उतारांप्रमाणे बसवल्या आहेत. विटांच्या जाळ्यांतून वारा खेळतो, आणि दुपारचे ऊन भिंतींवर नक्षी काढते.

परंतु त्यांच्या विचारांची कसोटी अधिक लागली ती पूंतुरा येथील मच्छीमारांच्या वस्तीत. गरिबांची घरे म्हटली की आगगाडीच्या डब्यांसारखी सरळ रांग आखायची, ही सरकारी कामांची सवय. बेकर यांनी घरे एकमेकांपासून थोडी मागेपुढे सरकवली. त्यामुळे प्रत्येक घराला समुद्राचा वारा मिळाला, समुद्र दिसू लागला आणि घरासमोर जाळी वाळवायला मोकळी जागाही राहिली. जागा तेवढीच, पैसाही मोजकाच. पण राहणाऱ्या माणसाच्या दिवसाचा विचार आधी केला गेला होता.

६. काटकसर कोणासाठी?

कमी खर्चाची घरे गरिबांसाठी असतात, असे म्हटले की बेकर यांना ते मान्य नसे. ज्याच्याजवळ पैसा आहे, त्यालाही सिमेंट, लाकूड आणि माती उधळण्याचा अधिकार नाही, असे ते मानत. म्हणून त्यांनी मच्छीमारांसाठी जी भिंत वापरली, तीच प्राध्यापकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या घरांतही वापरली. हे पाऊल महत्त्वाचे होते. स्वस्त घर केवळ गरिबाच्याच वाट्याला आले असते, तर त्याला त्याची लाज वाटली असती. तेच घर जेव्हा सर्वांसाठी बांधले जाते, तेव्हा ते कमीपणाची खूण राहत नाही.

नालंचिरा येथील खडकाळ उतारावरचे त्यांचे स्वतःचे घर याच विचारातून वाढत गेले. 'हॅम्लेट' या नावाचे हे घर त्यांनी एकदम बांधले नाही. गरजेप्रमाणे त्यात भर पडत गेली. पाडलेल्या घरांतील जुने लाकूड, फुटकी कौले, रंगीत बाटल्या यांनाही त्यात जागा मिळाली. १९८५ साली त्यांच्या सहभागातून 'कॉस्टफोर्ड' ही संस्था सुरू झाली. तिच्यामुळे हे तंत्र अनेक तरुण अभियंत्यांपर्यंत आणि गवंड्यांपर्यंत पोहोचले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. भारताचे नागरिकत्व घेतलेल्या या वास्तुशिल्पकाचे १ एप्रिल २००७ रोजी तिरुवनंतपुरम येथे निधन झाले.

७. निसर्गाचे दुसरे रूप

स्थानिक साहित्य वापरले की घर आपोआप चांगले होते, असा मात्र याचा अर्थ नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे महाराष्ट्रात लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेथील घरेही जवळच्याच दगड-मातीची होती. जाड भिंती उन्हाळ्यात गारवा देत. परंतु भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना जोडणारे लांब दगड पुष्कळ ठिकाणी नव्हते, आणि माळवदावर वर्षानुवर्षे टाकलेल्या मातीचे ओझे डोक्यावर होते. दगड-माती दोषी नव्हती; बांधणी सैल होती. भिंतीचे थर नीट जोडले, कोपरे घट्ट केले, भिंतींना सर्व बाजूंनी पट्टा घातला आणि छत हलके ठेवले, तर अशी घरे अधिक सुरक्षित होतात.

म्हणून निसर्गाशी जुळणे म्हणजे केवळ गार वाऱ्याशी जुळणे नव्हे. जमिनीचा हादरा, वादळ आणि पूर यांचाही विचार त्यात आला. परंपरेकडून शिकावे आणि विज्ञानाकडून तपासून घ्यावे, हाच मार्ग खरा. बेकर यांची पद्धत सर्वत्र जशीच्या तशी नेली, तर ते त्यांच्या विचाराच्या विरुद्धच होईल. जेथे चांगली माती आहे तेथे माती, जेथे दगड आहे तेथे दगड, जेथे बांबू आहे तेथे बांबू. उत्तर जागेप्रमाणे बदलेल. प्रश्न मात्र तोच राहील.

जे घर आपल्या माणसांना उन्हात सावली, पावसात कोरडा कोपरा आणि रात्री शांत झोप देते, जे हादऱ्याला तोंड देते आणि जे बांधताना शेजारची टेकडी नाहीशी होत नाही, ते घर पक्के.

शब्दार्थ

पुंजी – साठवलेला पैसा
वास्तुशिल्पक – इमारतींची रचना करणारा
गिलावा – भिंतीवर दिलेला सिमेंट, चुना किंवा मातीचा लेप
माळवद – लाकडी तुळयांवर माती टाकून केलेले सपाट छत
उमगणे – समजणे, उलगडा होणे
कसोटी लागणे – परीक्षा होणे

पाठगत प्रश्न २

रिकाम्या जागा भरा.
(अ) रॅट-ट्रॅप बाँडमध्ये विटा ______ ठेवतात.
(आ) काँक्रीट ______ चांगला सोसते, पण ______ सोसत नाही.
(इ) पूंतुरा येथील घरे ______ यांच्यासाठी बांधली होती.

भाषाभ्यास

'काटकसर' आणि 'कंजुषी' हे शब्द जवळचे वाटतात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. गरज नसलेला खर्च टाळणे म्हणजे काटकसर. गरज असूनही खर्च न करणे म्हणजे कंजुषी. विटा वाचवणे ही काटकसर आहे; भूकंपाच्या प्रदेशात भिंतीचा पट्टा वाचवणे ही कंजुषी ठरेल. पुढील जोड्यांतील अर्थभेद सांगा: साधे – सामान्य; जुने – जीर्ण; स्वस्त – हलके.

आपण काय शिकलो?

• घराचा पक्केपणा केवळ साहित्यावर ठरत नाही. ते साहित्य जागेला आणि हवामानाला अनुसरून कसे वापरले, यावर तो ठरतो.
• पोकळ भिंत, कौलांचे छत आणि विटांची जाळी यांमुळे साहित्य वाचते आणि घरही गार राहते.
• काटकसर ही सर्वांची जबाबदारी आहे.
• पारंपरिक ज्ञानाला विज्ञानाची जोड दिल्यास घर सुरक्षित होते.

स्वाध्याय

१. 'पारंपरिक घर हा शेकडो वर्षे चाललेला प्रयोग असतो' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. किल्लारीच्या उदाहरणातून लेखात कोणता मुद्दा मांडला आहे, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या गावातील किंवा शहरातील एक जुने आणि एक नवे घर पाहा. दोन्हींत राहणाऱ्या माणसांना उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कसा अनुभव येतो, ते विचारा. त्यावर पंधरा ओळींत माहिती लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) जागेच्या पाच मैलांच्या परिसरातून यावे. (आ) बेकर गावच्या गवंड्यांचे विद्यार्थी झाले. (इ) ती पुष्कळदा सुपीक शेतातून घेतली जाते.
२. (अ) कडेवर उभ्या (आ) दाब, ताण (इ) मच्छीमार